नंबर जपा, प्लेट बदला

लेखमाला : जुन्या गाड्या आणि कायदा
भाग ५

गेल्या भागात आपण आरसी बुकाचे नूतनीकरण पाहिले. आता त्याच बुकातला जो मजकूर रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाचता येतो, त्या नंबरकडे वळू. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सगळ्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, लावण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये नाराजी पसरली. डुक्कर फियाट असो, लँडमास्टर असो की स्टँडर्ड हेराल्ड, तिच्या क्रोमच्या बंपरवर होलोग्राम आणि निळ्या ‘आयएनडी’ची पांढरी प्लेट म्हणजे गाडीच्या रूपाचा अवमान, असा त्यांचा सूर आहे. ही भावना समजण्यासारखी आहे, पण तिचा रोख चुकला आहे. जुन्या गाडीचा वारसा तिच्या नंबरात असतो, प्लेटमध्ये नसतो. प्लेट वाचवण्याच्या नादात मालक नंबर धोक्यात घालतात, आणि तो एकदा गेला की परत मिळवणे फार कठीण असते.

आधी या दोन गोष्टी वेगळ्या करू. नंबर सरकार देते आणि तो नोंदवहीत कायम राहतो. मुंबई प्रांताच्या काळातल्या गाड्यांवर ‘बीएम’ने सुरू होणारी अक्षरे दिसतात, महाराष्ट्र झाल्यानंतरच्या गाड्यांवर ‘एमआर’ किंवा ‘एमएम’ने सुरू होणारी, तर गोव्याच्या जुन्या गाड्यांवर ‘जीडी’ने सुरू होणारी, कारण तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजची पद्धत आली : ताडदेवचे एमएच-०१, कोल्हापूरचे एमएच-०९, पुण्याचे एमएच-१२. तीन अक्षरे आणि चार अंकांचा जुना नंबर त्यामुळे गाडीचे वय सांगतोच, शिवाय ती कोणत्या राज्यव्यवस्थेत नोंदली गेली हेही सांगतो. प्लेटची गोष्ट वेगळी. एचएसआरपी येईपर्यंत सरकारने ठरवली ती अक्षरांची उंची, जाडी आणि रंग. प्लेट रंगवायचा तो नाक्यावरचा पेंटर. ती गंजली की नवी यायची, मालक बदलला की पुन्हा रंगायची. ज्या काळ्या प्लेटसाठी आज जीव हळहळतो, तीही काही खास जुनी खूण नव्हे. काळ्यावर पांढरी अक्षरे ही खासगी गाड्यांची रीत या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती, म्हणजे १९९५ ची मारुतीसुद्धा तशीच प्लेट लावून शोरूममधून बाहेर पडली. तेव्हा पन्नास-साठ वर्षांच्या गाडीवरची ‘मूळ’ प्लेट बहुतेक वेळा तिसरी किंवा चौथी असते. मूळ असतो तो नंबर.

कायद्यानेही हाच भेद मानला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी तिला पात्र ठरते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर कायम ठेवता येतो. नव्याने नोंदवाव्या लागणाऱ्या गाडीला मात्र राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ असलेला नवा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार, आणि मुदत दहा वर्षांची. दोन रकमांतले अंतर मोठे आहेच, पण त्याहून मोठे अंतर नंबरांत आहे : एकीकडे १९५० च्या दशकातला ‘बीएम’, दुसरीकडे कालपरवाचा ‘एमएच व्हीए’.

मग नंबर जातो कसा? पहिली वाट राज्य बदलण्याची. कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरची गाडी एनओसी घेऊन पणजीला कायमची गेली की तिचे ‘एमआर’ संपते. दुसरी वाट कागदांच्या हेळसांडीची. जुन्या आरटीओ रजिस्टरांतल्या कितीतरी गाड्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत कधी चढल्याच नाहीत, आणि त्यांची ‘बॅकलॉग’ नोंद मालकाने पाठपुरावा करून करवून घ्यावी लागते. एचएसआरपीची मागणी नोंदवताना चासिस आणि इंजिनचा क्रमांक त्या प्रणालीशी जुळावा लागतो. इथेच घोडे अडते, कारण कधीकाळी इंजिन बदललेले असते आणि ते आरसीवर चढवलेले नसते. म्हणजे ज्या सक्तीला मालक वैतागतो, तीच त्याला नोंदीतले दोष वेळेत दाखवते. ते दुरुस्त करताना जुनी आरसी, विम्याचे कागद आणि कर भरल्याच्या पावत्या उपयोगी पडतात. हे कागद असलेल्या पिढीच्या हयातीत काम झाले तर ठीक, नाहीतर वारसांच्या हाती उरतो तो मालकी सिद्ध न होणारा सांगाडा.

आता एचएसआरपीवरच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप रूपाचा. एचएसआरपी म्हणजे ॲल्युमिनियमची, उठावाच्या अक्षरांची प्लेट. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो, आणि ती एकदाच वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात. लॉक तोडल्याशिवाय प्लेट निघत नाही, यातच तिचे प्रयोजन आहे : एका गाडीचा नंबर दुसरीवर सहज चढू नये. जुन्या पत्र्यात नवी भोके पाडण्याची भीती मात्र रास्त आहे. तिच्यावर उपाय असा, की जुन्या प्लेटच्याच भोकांवर आधी पट्टीची चौकट बसवावी आणि नवी प्लेट त्या चौकटीला जोडावी. मोटारींसाठी दोन ओळींची ३४० गुणिले २०० मिलिमीटरची आणि एका ओळीची लांबट ५०० गुणिले १२० मिलिमीटरची, अशी दोन मापे आहेत. मागणी नोंदवण्यापूर्वी गाडीवरची जागा मोजलेली बरी. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाची २०१२ ची तुरीन सनदही हेच सांगते. कायद्यामुळे बदल करावा लागला तर तो कमीत कमी आणि मागे घेता येईल असा असावा, काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत. जुनी प्लेट भंगारात टाकण्याची गरज नाही. ती आरसीच्या फाइलशेजारी ठेवावी, प्रदर्शनात गाडीजवळ मांडावी. रस्त्यावर ती चालणार नाही, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रिटनमध्ये काळ्या प्लेट चालतात, मग आपल्याकडे का नाही? तिथे १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या गाडीला काळ्यावर पांढऱ्या किंवा रुपेरी अक्षरांची पारंपरिक प्लेट लावता येते हे खरे. पण त्यासाठी गाडी ऐतिहासिक वाहनांच्या करवर्गात नोंदलेली असावी लागते. म्हणजे ती सवलत नोंदणीतून मिळते, मालकाच्या मर्जीतून मिळत नाही. आपल्याकडेही व्हिंटेज नोंदणी झालेल्या गाड्यांना, त्याच लेझर क्रमांकासह, काळ्या रंगाची सुरक्षा प्लेट द्यावी ही मागणी योग्य आहे आणि मोटार क्लबांनी ती केंद्राकडे लावून धरावी. अशा गाड्या प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्तीपुरत्याच रस्त्यावर येऊ शकतात, रोजच्या वा व्यावसायिक वापराला त्यांना मनाई आहे. सुरक्षेचा क्रमांक शाबूत असताना इतक्या मर्यादित वापरात रंगाची सूट दिली तर फारसे बिघडणार नाही. पण नियम बदलण्यासाठी भांडणे वेगळे आणि बदलला आहे असे समजून वागणे वेगळे.

उरतो तो मधला वर्ग. फिवाच्या लेखी तीस वर्षांची गाडी ऐतिहासिक ठरते, आपल्या नियमांना पन्नास लागतात. १९८५ ची प्रीमियर पद्मिनी मालकाला ‘क्लासिक’ वाटली तरी नियमांच्या दृष्टीने ती २०३५ पर्यंत निव्वळ जुनी मोटार आहे : पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, पासिंग आणि इतरांसारखीच एचएसआरपी. हे अन्यायाचे वाटेल, पण यात एक सोयही आहे. व्हिंटेज नोंद न केलेली गाडी रोज चालवता येते. ज्याला रविवारी सकाळी फियाट काढून मार्केटात जायचे आहे, त्याने पन्नास वर्षे पुरी झाली तरी अर्जाची घाई करू नये.

तेव्हा क्रम असा असावा : आधी ‘वाहन’मधली नोंद तपासायची, मग चासिस आणि इंजिनचे क्रमांक जुळवायचे, आणि शेवटी अधिकृत केंद्रातून प्लेट बसवायची. बहुतेक मालक उलट्या टोकाने सुरुवात करून प्लेटवरच वाद घालत बसतात, आणि तोवर नोंद दुरुस्त करायला लागणारे जुने कागद हरवत जातात.

पुढील भागात : जुन्या गाडीचा विमा आणि तिची किंमत ठरवण्याचा प्रश्न.