पोरं मोठी झाली होती, तेव्हाची गोष्ट

2023 मध्ये डीसी कॉमिक्सच्या विश्वात जस्टिस लीग बरखास्त होती. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन ही वडीलधारी मंडळी बाजूला झाली आणि जगाची राखण टायटन्सकडे आली. टायटन्स म्हणजे या मंडळींचीच एकेकाळची पोरं: बॅटमॅनचा पहिला रॉबिन डिक ग्रेसन, फ्लॅशच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट, वंडर वुमनची धाकटी बहीण म्हणवली जाणारी डोना ट्रॉय. म्हटलं, चला, उशिरा का होईना, पोरांच्या हाती कारभार आला. जेमतेम दीड वर्ष. नोव्हेंबर 2024 मध्ये जस्टिस लीग नव्या मालिकेसह वाजतगाजत परतली आणि पोरं पुन्हा दुसऱ्या पंगतीला. पुढे 2025 च्या एप्रिलमध्ये रॉबिनला 85 वर्षं झाली. एवढ्या वयात नातवंडं खेळवायची. याला अजून कोणी स्वतःच्या सहीने चेक फाडू देत नाही.

सुरुवातीच्या चाळीस वर्षांबद्दल मला फार बोलायचं नाही. 1940 मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 38व्या अंकात बिल फिंगर, बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांनी बॅटमॅनला एक पोरगा दिला, कारण एकटा बॅटमॅन बोलणार कोणाशी? खप जवळजवळ दुप्पट झाला म्हणतात. मग काय, ज्याला त्याला पोरगा हवा. कॅप्टन अमेरिकाला बकी, ह्यूमन टॉर्चला टोरो, ग्रीन ॲरोला स्पीडी. सगळे अनाथ, सगळे हसतमुख, आणि निम्म्यांना अर्धी पँट. 1954 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी बॅटमॅन आणि रॉबिनच्या एका घरात राहण्यावर नको ते आरोप केले. त्याच वर्षी कॉमिक्स कोड आला आणि उरलासुरला जीवही गेला.

मार्व्हलच्या स्टॅन ली यांना ही शागिर्दी मुळातच नापसंत होती. 1962 मध्ये त्यांनी आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला, तेव्हा ‘पोरगा नायक कसा होईल, तो तर हाताखालीच शोभतो’ असं प्रकाशक म्हणाले, हे ली आयुष्यभर रंगवून सांगत राहिले. 1964 मध्ये त्यांनी आणि जॅक कर्बी यांनी बकी महायुद्धातच मेला असं जाहीर करून टाकलं. एका अर्थी हा सरळ व्यवहार झाला: मोठं करायचं नसेल तर निदान संपवा तरी.

डीसीला तेवढंही जमलं नाही. त्यांनी 1964 मध्ये रॉबिन, किड फ्लॅश (म्हणजे वॉली) आणि ॲक्वालॅडला एकत्र केलं आणि पुढच्या वर्षी त्या टोळीला टीन टायटन्स हे नाव दिलं. लेखक बॉब हेनी. पोरांच्या तोंडी त्यांनी जी ‘तरुणांची भाषा’ घातली, ती कुठल्या तरुणाने कधी बोलली असेल असं वाटत नाही. लग्नातला एखादा काका डीजेसमोर नाचायला लागला की आपण जसे दुसरीकडे बघतो, तसंच ते अंक वाचताना होतं. त्यातला एकच घोटाळा पुढे कामी आला. वंडर गर्ल ही मुळात वंडर वुमनचंच बालपणीचं रूप. हेनींनी तिला स्वतंत्र मुलगी समजून टोळीत घेतलं. तीच ही डोना. म्हणजे तिला ना आई, ना बाप, ना गाव. ती जन्मली संपादकीय गोंधळातून. 1971 मध्ये डेनी ओ’नील आणि नील ॲडम्स यांनी स्पीडीला हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवलं, ती या काळातली एकमेव धीट गोष्ट, आणि तीही टायटन्सच्या मालिकेत नाही. मालिका 1973 मध्ये बंद पडली, 1976 मध्ये उठली, 1978 मध्ये पुन्हा झोपली. कोणी रडलं नाही.

आणि मग 1980. मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ मार्व्हलमधून डीसीत आले आणि ‘न्यू टीन टायटन्स’ सुरू झालं. किंमत 50 सेंट.

मी तेव्हा मुंबईत कॉलेजला. मराठीतल्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली आमची पिढी. ही अमेरिकन मासिकं मात्र फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, रद्दीच्या गठ्ठ्यांतून, क्रमाचा पत्ता नसताना हाती लागायची. टेरा नावाच्या मुलीने टोळीचा विश्वासघात केला हे मला आधी कळलं, ती टोळीत आली कशी हे पुष्कळ नंतर. एका सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या मालकाने तर मुखपृष्ठं काढून सहा-सहा अंक एकत्र बाइंड केले होते, आणि मशीनवर कडा मारताना पेरेझच्या पानांची किनारही उडवली होती. पेरेझच्या पानात किनारीलाही माणसं असतात हो! बाकीचे चित्रकार पानावर पाच-सहा चौकटी आखत; हा गडी बारा-बारा आखायचा आणि प्रत्येकीत मागच्या खोलीतली पुस्तकांची फडताळंसुद्धा भरायचा. त्या बाइंडिंगवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही.

या टोळीत जुने तिघं-चौघं होतेच, पण खरी जान नव्यांनी आणली. सायबॉर्ग, म्हणजे व्हिक्टर स्टोन, हा कॉलेजातला खेळाडू. बापाच्या प्रयोगशाळेतल्या अपघातानंतर बापानेच त्याला निम्मा धातूचा केलेला, आणि त्याबद्दल तो बापाचं तोंड बघायला तयार नाही. रेव्हन सैतानाची लेक. राग आला तर आपल्यातून बाप बाहेर येईल, या धाकात जगणारी. स्टारफायर परग्रहावरची राजकन्या, गुलामगिरीतून सुटलेली. सगळ्यांचं दुखणं आईबापांशी जोडलेलं. आठव्या अंकात मारामारी जवळजवळ नाहीच. सगळ्यांना सुट्टी आहे. व्हिक्टर बागेत एकटा बसलेला असताना त्याला कृत्रिम हात-पाय लावलेली शाळकरी मुलं भेटतात. इतरांना भेसूर वाटणारे त्याचे धातूचे हात ही पोरं डोळे विस्फारून, हेव्याने बघतात. सुपरहिरोच्या मासिकात एवढी जागा कोणी अशा गोष्टीला देत नसे.

38वा अंक तर मी आजही कोणालाही पुढे करतो. जानेवारी 1984. खलनायक नाही, ठोसा नाही. डोनाचं लग्न ठरलंय आणि तिला आपण कोण हे ठाऊक नाही. लहानपणी वंडर वुमनने आगीतून वाचवलं, एवढंच आठवतं. डिक ग्रेसन, जगातल्या सर्वोत्तम डिटेक्टिव्हचा शागीर्द, लग्नाआधीची भेट म्हणून तिच्या जन्माचा शोध घेतो. जुन्या बाहुलीचा धागा धरून दारोदार फिरतो आणि शेवटी तिला पूर्वी सांभाळणाऱ्या आईपर्यंत नेऊन पोहोचवतो. हेनींच्या गोंधळाची भरपाई वुल्फमन-पेरेझनी अशी केली. पुढच्याच अंकात डिकने रॉबिनचा वेश उतरवून ठेवला आणि वॉलीनेही रजा घेतली. त्याच वर्षी ‘द जूडास कॉन्ट्रॅक्ट’ या टायटन्सच्या कथेत डिक निळ्या वेशात, नाइटविंग म्हणून उभा राहिला. कॉलर भलतीच उंच होती. ती आपण सोडून देऊ.

तालमीत वस्ताद पठ्ठ्याला घडवतो, ते त्याने एक दिवस स्वतःच्या नावाने कुस्ती मारावी म्हणून. कॉमिक्सच्या तालमीत हे घडायला 44 वर्षं लागली. तेही अर्धं कारकुनी कारणाने, कारण बॅटमॅनच्या मासिकांना रॉबिन परत हवा होता आणि टायटन्सना डिक सोडायचा नव्हता. मग तिकडे जेसन टॉड नावाचा दुसरा पोरगा आणला: तोही सर्कशीतला, तोही अनाथ. नक्कल करायलाही जरा कष्ट घ्यावेत!

‘द जूडास कॉन्ट्रॅक्ट’ची आरती मला पूर्ण म्हणवत नाही. टेरा ही सोळाच्या आतबाहेरची मुलगी, पेरेझने मुद्दाम पुढे आलेल्या दातांची, साधी काढलेली. ती शत्रूची हस्तक आहे हे वाचकाला आधी कळतं, मित्रांना नंतर, आणि हा ताण अप्रतिम सांभाळलाय. पण तिला वापरणारा डेथस्ट्रोक तिच्या बापाच्या वयाचा, आणि त्यांचं नातं नुसतं कामापुरतं नव्हे. गोष्ट शेवटी दोष कोणाला देते? मुलीला. ती मुळातच सडकी होती म्हणून तिच्यावर दगड पडतात आणि तो पुरुष पुढे स्वतःच्या मासिकाचा नायक होतो. चाळीस वर्षांत यावर कोणी धड हिशेब मागितला नाही.

याच काळातला एक विनोद सांगून टाकतो. 1983 मध्ये अमेरिकन सरकारच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेसाठी टायटन्सचे खास अंक निघाले. पहिल्याची पुरस्कर्ती एक बिस्किट कंपनी. रॉबिनचे हक्क नेमके दुसऱ्या बिस्किटवाल्यांकडे! म्हणून त्याच्या जागी ‘प्रोटेक्टर’ नावाचा कोणी उपटसुंभ घुसवला. त्या दशकात पोरांचं भवितव्य कोण ठरवत होतं, ते यातून ध्यानात येईल.

1985 मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ आलं. पुन्हा वुल्फमन, पुन्हा पेरेझ. त्यात फ्लॅश मेला आणि वॉली वेस्ट फ्लॅश झाला. शागिर्दाने गादी खरोखर चालवल्याचं हे पहिलं ठळक उदाहरण, आणि चांगली वीसेक वर्षं ते टिकलं. पण त्याच उलथापालथीनंतर 1987 मध्ये वंडर वुमनची गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली. ती आत्ताच माणसांच्या जगात येतेय म्हटल्यावर लहानग्या डोनाला आगीतून काढलं कोणी? 38वा अंक एका फटक्यात निराधार झाला. आणि ही नवी वंडर वुमन रचणारा होता जॉर्ज पेरेझच. डोनाला पुन्हा जन्मकथा द्यावी लागली, मग पुन्हा, मग पुन्हा. आज ती कोण आहे हे विचारू नका.

जेसनचं पाहा. सर्कशीची नक्कल लोकांना रुचली नाही, म्हणून 1987 मध्ये त्याला बॅटमोबिलची चाकं चोरणारा रस्त्यावरचा पोरगा केलं. मला तो आवडायचा; चिडका होता, पण निदान स्वतःचा होता. वाचकांना तोही नको होता. सप्टेंबर 1988 मध्ये डीसीने 36 तासांसाठी दोन फोन नंबर खुले केले: एक जगवायला, एक मारायला. फोनमागे 50 सेंट, म्हणजे आठ वर्षांपूर्वी ज्यात टायटन्सचा पहिला अंक येत होता तेवढेच. मारा म्हणणारे 5,343, जगवा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांनी मुलगा मेला. माझ्या लेखी ते दशक तिथे संपलं.

पुढची वर्षं मी पान उलटावं तशी उलटतो. 1998 चं ‘यंग जस्टिस’ गोड होतं. 2003 ची टायटन्सची कार्टून मालिका तर खरंच उत्तम, आणि माझ्या घरातल्या मुलांना सायबॉर्ग-रेव्हन ठाऊक आहेत ते तिच्यामुळेच. 2013 मध्ये तिची जी विदूषकी आवृत्ती निघाली, तिच्यावर शाई घालवत नाही. मार्व्हलकडे कमला खान आणि माइल्स मोरालेस ही नवी पोरं आली, त्यांना कोणाच्या हाताखाली राहावं लागलं नाही, याचा आनंद आहे. पण जुन्या पोरांचे हाल? बकी आणि जेसन दोघेही 2005 च्या सुमाराला जिवंत करण्यात आले. स्पीडीचा 2010 मध्ये हात तोडला आणि त्याची छोटी मुलगी मारली. वॉली आणि डोना 2011 मध्ये इतिहासातूनच पुसले गेले. वॉली परत आला, तो दोन-तीन वर्षांत त्याच्या हातून मित्रांचे मुडदे पाडण्यासाठी. 2018 मध्ये डिकच्या डोक्यात गोळी घालून त्याची स्मृती घालवली. 2021 पासून टॉम टेलर आणि ब्रुनो रेडोंडो यांनी त्याला पुन्हा माणसांत आणलं, त्यांना 2023 चा आयस्नर पुरस्कारही मिळाला, म्हणजे जमत नाही असं नाही. जमवायचं नसतं.

पेरेझ 6 मे 2022 रोजी कर्करोगाने गेले. त्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर 2023 मध्ये, डीसीने जेसनच्या मरणाचा तोच अंक ‘रॉबिन लिव्ह्ज’ म्हणून बाजारात आणला. जिम अपारो यांनी 1988 मध्ये दोन्ही निकालांची पानं काढून ठेवली होती, त्यातली जेसन वाचतो ती यात घातली. 2024 मध्ये त्यावर अख्खी मालिकाही काढली. हरलेल्या 5,271 जणांना त्यांचा निकाल 35 वर्षांनी मिळाला, पुन्हा पैसे मोजून.