नकार नम्र असावा, पण वेळेवर द्यावा

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातील शिंप्यांच्या दुकानांत कापडाचे ढीग लागतात. नेमके त्याच वेळी एखादे जुने गिऱ्हाईक दारात उभे राहते. मागची शिलाई थकलेली, गेल्या खेपेस कपडा तीनदा उसवून घेतलेला, आणि यंदाही सारे चार दिवसांत हवे. काम घ्यायचे नसते. पण भिडेपोटी दुकानदाराच्या तोंडून ‘बघतो’ निघते. खरी गफलत येथेच होते. बोलणाऱ्याच्या मनात जो नकार असतो, तो ऐकणाऱ्याच्या कानी होकार म्हणून पडतो.

लहान गावात गिऱ्हाईक हे बहुधा शेजारी किंवा नातलगांच्या ओळखीचे असते. त्यामुळे नकार जड जातो. मात्र एकाची भीड राखताना, ज्यांनी वेळेत माप व पैसे दिले, त्यांचेच काम मागे पडते.

कायदा येथे दुकानदाराच्या आड येत नाही. माल मांडणे किंवा फलक लावणे म्हणजे करार नव्हे. गिऱ्हाईकाची मागणी स्वीकारल्यावरच सर्वसाधारणपणे करार होतो. म्हणून नकाराची योग्य वेळ आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीची. रक्कम घेतली की शब्द दिला गेला; मग काम पुरे करावे, अथवा लगेच कळवून पैसे परत करावेत.

या मोकळिकीला मर्यादाही आहेत. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकानात मज्जाव करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद १५ सांगतो. सदोष मालाची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाईकालाही त्रासदायक ठरवता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

नकाराची भाषा थोडकी असावी. ‘आपण आलात, आनंद झाला. परंतु हे काम मला घेता येणार नाही,’ एवढे पुरे. कारणांची यादी दिली की प्रत्येक कारणावर वाद सुरू होतो, आणि खोटे कारण लहान गावात फार काळ लपत नाही. जमल्यास दुसऱ्या कारागिराचे नाव सुचवावे. कायमचाच नकार असेल, तर ‘चतुर्थीनंतर या’ म्हणू नये. गिऱ्हाईक खरोखरच येते. जुन्या थकबाकीचा विषय चारचौघांत काढू नये. तो हिशेब वेगळा, एकांतात आणि वहीसमोर व्हावा. समोरचा आवाज चढला, तरी आपला चढवू नये.

स्पष्ट नकाराने गिऱ्हाईक त्या दिवशी नाराज होईल. पण दुसरीकडे जाण्यास त्याच्या हाती वेळ उरतो. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी न शिवलेले कापड परत मिळाले, तर तेही उरत नाही.