गावाकडच्या ख्रिस्ती दफनभूमीचा इतिहास कसा शोधावा?

खासरा पत्रक, म्हणजे गावच्या जमिनींचं जुनं नोंदपत्रक, हे काय असतं ते आज अंबड तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२३ च्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली आणि एका ओळीची किंमत काय असते ते घराघरांत कळलं. मराठवाड्यातल्या गावोगावच्या ख्रिस्ती दफनभूमींचा इतिहासही अशाच दप्तरांतून शोधता येतो. तो शोधायला मात्र फारसं कुणी जात नाही.

बेथेल : जालन्याजवळची वस्ती

या भागातल्या ख्रिस्ती इतिहासाची सुरुवात रेव्हरंड नारायण शेषाद्रींपासून करावी. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. न्यायालयानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. हे प्रकरण मराठी वाचकांना ठाऊक असतं. थोरल्या भावाचं पुढं काय झालं, हे सहसा ठाऊक नसतं.

नारायणराव स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले आणि निजामाच्या मुलखात जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिथं आलेल्यांत मांग समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत हेच नारायणराव भारतातर्फे बोलले.

ज्या काळात माणसाला कुठं पुरायचं किंवा जाळायचं हेही जात ठरवत होती, त्या काळात अशा वस्तीतल्या माणसाचं नाव, वय आणि मृत्यूची तारीख नोंदवहीत चढणं ही लहान गोष्ट नव्हती. या दफनभूमी जपायला हव्यात असं मला वाटतं, ते मुख्यतः यासाठी.

मेनोनाइटांचा धडा

अशा नोंदवहीचं मोल मेनोनाइटांच्या दफनभूमी पाहिल्या की आणखी कळतं. मेनोनाइट हा सोळाव्या शतकातल्या मेनो सिमन्सच्या नावानं ओळखला जाणारा अहिंसावादी ख्रिस्ती पंथ. रशियातून आलेलं या पंथातलं फ्रीसन दांपत्य १८९० च्या सुमारास नळगोंड्याला पोचलं. अंबडसारखंच नळगोंडाही तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

कॅनडातल्या मॅनिटोबात जुन्या परंपरेच्या मेनोनाइटांनी १९२२ पासून शाळांच्या वादात गावं सोडली आणि मेक्सिको गाठलं. मागं दफनभूमी राहिल्या. साधेपणाचा आग्रह इतका, की काही ठिकाणी कबरींवर नावाचा दगडही नसे. दगड नसला की सगळा भार कागदावर येतो.

दगड आणि नोंदवही

दगड वाचायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात वापरू नये. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. फोटो काढावा आणि मजकूर जसा आहे तसा, चुकांसकट, उतरवून घ्यावा.

पुढची पायरी चर्चची दफन नोंदवही. ती कुणाकडे असेल हे कळायला एक तारीख उपयोगी पडते : २९ नोव्हेंबर १९७०. त्या दिवशी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक जुन्या मिशनच्या मंडळ्या तिच्यात आल्या, म्हणून वहीचा शोध तिच्याकडेही घ्यावा.

सातबारा कुणाच्या नावावर?

खरी मेख इथं आहे. मिशननं घेतलेली जमीन, सरकारनं दफनासाठी राखलेली जमीन आणि कुणाच्या शेताच्या कडेला वहिवाटीनं चालत आलेली जागा, हे तीन वेगळे प्रकार आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी गावातली सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवू शकतात. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करून १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागं जावं. त्याही मागची निजामकाळातली कागदपत्रं बहुधा उर्दूत आणि फसली या महसुली सनात मिळतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो.

अंबड-जालना भागात तुमच्या गावी अशी दफनभूमी असेल, तर पाळकांना आणि तलाठ्यांना भेटा, वहीची पानं आणि उतारे यांच्या प्रती काढा आणि एक संच ग्रामपंचायतीकडे द्या. कोण कुठं पुरलंय हे सांगणारी म्हातारी माणसं आहेत, तोवर त्यांना सोबत घेऊन दफनभूमीचा नकाशाही काढून घ्या.