मुक्काम तीर्थनच्या खोऱ्यात

डोंगरवाटांची ओढ असणाऱ्या पर्यटकाने शिखराइतकाच विचार मुक्कामाच्या जागेचाही करावयास हवा. हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचेच उदाहरण घ्या. सुमारे ७५४ चौ. कि.मी.चे हे अरण्य २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. उद्यानात हॉटेले नाहीत. त्यामुळे तीर्थन खोऱ्यातील गुशैणी परिसरात, ग्रामस्थांच्या घरी किंवा लाकडी कुटीरांत राहूनच पदभ्रमणास निघावे लागते.

नदीला खेटून असलेली कुटीर मन मोहून घेते. परंतु जुलै २०२३ च्या पुरात कुलू जिल्ह्यात बियासकाठची अनेक बांधकामे वाहून गेली, हे विसरता कामा नये. म्हणून आरक्षणापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : निवास नदीपात्रापासून किती उंचीवर आहे? पावसाने रस्ता बंद झाल्यास पर्यायी वाट कोणती? उद्यानाचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या यांची व्यवस्था कोण करील?

रोख रक्कम बंजारलाच काढून ठेवावी. खिडकीतून नदी थोडी दूर दिसली तरी चालेल. रात्री तिचा आवाज ऐकत निर्धास्त झोप लागली पाहिजे!