हिमालयाचा पावसाळी माल

३० ऑक्टोबर २०१६. लक्ष्मीपूजनाची रात्र. नेपाळात या सणाला तिहार म्हणतात. त्या वर्षीच्या तिहारात काठमांडूची वीज गेली नाही. आपल्याला यात बातमी दिसायची नाही. पण या शहराने आधीच्या दशकातल्या काही हिवाळ्यांत दिवसाचे सोळा-सोळा तास विजेविना काढले होते. लोडशेडिंगचं वेळापत्रक तिथे पंचांगासारखं पाहिलं जाई. त्यामुळे ती रात्र नेपाळी लोक अजून विसरलेले नाहीत.

श्रेय मिळालं कुलमान घिसिंग यांना. नेपाळ विद्युत प्राधिकरणाची सूत्रं त्यांनी दीडेक महिन्यापूर्वीच हाती घेतली होती. काही उद्योगांना अंधाराच्या काळातही अखंड पुरवठा होत होता. तो आवरून त्यांनी वीज घरांकडे वळवली. हे श्रेय खरंच आहे, पण त्या पणत्यांमध्ये थोडं तेल बिहारचंही होतं. त्याच वर्षी २० फेब्रुवारीला बिहारमधलं मुझफ्फरपूर ते नेपाळातलं ढल्केबर या वाहिनीचं उद्घाटन झालं होतं आणि तिच्यातून सुरुवातीला ८० मेगावॉट वीज नेपाळात जाऊ लागली होती. भारतातून नेपाळात जाणारा माल अडवणारी सीमेवरची नाकेबंदी तेव्हा नुकतीच उठली होती. गॅस सिलिंडर मिळेनात म्हणून नेपाळी घरांनी त्या काळात विजेच्या शेगड्या घेतल्या होत्या.

पुढे पाचच वर्षांत याच वाहिनीतून वीज उलटी वाहू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळने भारताच्या वीज बाजारात पहिल्यांदा आपला माल मांडला, ३९ मेगावॉटचा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तर नेपाळने वर्षभरात जितकी वीज विकत घेतली, त्याहून जास्त विकली. हा बाजार चालतो कसा आणि अडतो कुठे, ते समजून घेण्यासारखं आहे.

लासलगावचा लिलाव आणि विजेचा लिलाव

लासलगावला कांद्याचा लिलाव आपण पाहिलेला असतो. ट्रॉलीपुढे व्यापारी बोली लावतात आणि प्रत्येक ट्रॉलीला वेगळा भाव मिळतो. इंडियन एनर्जी एक्स्चेंज हा भारतातला सर्वांत मोठा वीज बाजार जून २००८ मध्ये सुरू झाला. त्याचा लिलाव मात्र बंद पाकिटातला आहे. उद्याच्या विजेसाठी आज सकाळी १० ते १२ या वेळात बोल्या द्यायच्या. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा लिलाव वेगळा. भारत आणि नेपाळ यांच्या घड्याळांतही नेमका पंधरा मिनिटांचाच फरक आहे. म्हणजे काठमांडूचा दिवस दिल्लीच्या एक तुकडा आधी सुरू होतो.

बारा वाजता पाकिटं बंद झाली की संगणक विक्रेत्यांना स्वस्ताकडून महागाकडे आणि खरेदीदारांना महागाकडून स्वस्ताकडे रांगेत उभं करतो. दोन रांगा जिथे एकमेकींना छेदतात, तो त्या तुकड्याचा भाव. तो सगळ्यांना एकच. ज्याने रुपयाला द्यायची तयारी दाखवली त्यालाही तोच आणि ज्याची बोली काठावर बसली त्यालाही तोच.

नेपाळचा फायदा इथेच आहे. वाहत्या नदीवरच्या जनित्राला इंधन लागत नाही. पाणी वापरलं नाही तर ते सांडव्यावरून निघून जातं. म्हणून त्याची बोली अगदी खालची लावली तरी चालते. पण भाव ठरवते शेवटची महाग बोली आणि ती बहुतेक वेळा कोळशाची असते. अशा वेळी हिमालयाच्या फुकटच्या पाण्याला झारखंड-छत्तीसगडच्या कोळशाचा भाव मिळतो. संध्याकाळी सूर्य मावळला, सौर वीज आटली आणि घराघरांतली बटणं एकदम दाबली गेली की हा भाव युनिटमागे दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. दुपारी तोच भाव दोन-तीन रुपयांवर उतरलेला असतो. २०२२ च्या उन्हाळ्यापूर्वी मर्यादा वीस रुपये होती. त्या उन्हाळ्यातल्या वीजटंचाईत भारताच्या वीज नियामक आयोगाने ती बारावर आणली आणि २०२३ मध्ये दहावर.

तारेचा भाव, सोलापूरची गोष्ट

भाव सगळ्यांना एकच, हे खरं, पण तारेत जागा असेल तर. देशाचे बाजारासाठी १३ भाग पाडलेले आहेत. महाराष्ट्र आणि गुजरात त्यातल्या एकाच भागात येतात. दोन भागांमधली वाहिनी भरली की बाजार तिथे चिरतो. अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा.

दक्षिणेची राज्यं हा अनुभव वर्षानुवर्षं घेत होती. उर्वरित भारताच्या जाळ्याशी त्यांचं जाळं एकतालात जोडलेलं नव्हतं, वाटा अरुंद होत्या आणि त्यामुळे बाजारात त्यांना वीज महाग पडे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि काश्मीर ते कन्याकुमारी देशाचं जाळं एका तालावर आलं. नेपाळ आणि भूतान याच तालावर चालतात. बांगलादेश नाही. म्हणून पश्चिम बंगालमधलं बहरामपूर आणि पलीकडचं भेडामारा यांच्यामधल्या वाटेवर वीज आधी एकदिश करून पुन्हा प्रत्यावर्ती करावी लागते. २०१३ मध्ये ही सोय ५०० मेगावॉटची होती, २०१८ मध्ये ती १,००० झाली.

तारांच्या या जाळ्यात कुणाची वीज कुणाकडे गेली हे सांगता येत नाही. सामायिक विहिरीत एका काठाने घागर ओतावी आणि दुसऱ्या काठाने शेंदावी, तसा हा प्रकार. ओतणाऱ्याने किती ओतलं आणि शेंदणाऱ्याने किती शेंदलं, एवढंच मीटर मोजतो. पाणी कुणाचं, हे विहिरीला ठाऊक नसतं.

आषाढ विकतो, पौष विकत घेतो

कोयनेचं उदाहरण घ्या. शिवसागर जलाशयात पावसाळ्याचं पाणी साठतं आणि राज्याला गरज पडेल त्या घटकेला १,९६० मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प कामाला लावता येतो. नेपाळकडे अशी कोठी जवळजवळ नाहीच. कुलेखानीचा जलाशय सोडला तर बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे आहेत. आषाढ-श्रावणात नद्या फुगतात तेव्हा वीज देशाला पुरून उरते. पौष-माघात नद्या रोडावतात आणि थंडी मात्र वाढते. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी हा नेपाळचा अभिमानाचा प्रकल्प २०२१ मध्ये सुरू झाला, पण तोही हिवाळ्यात दिवसभर पूर्ण क्षमतेने चालत नाही.

भारताची गरज नेमकी उलटी. जून ते सप्टेंबर उत्तरेत उकाडा, पंजाब-हरियाणात भाताच्या लावणीचे पंप. हिवाळ्यात मागणी उतरलेली. म्हणून दोघांचा व्यवहार जमतो. भूतानचंही तसंच. चुखा आणि तालासारख्या प्रकल्पांची वीज तो सरकारी करारांनी ठरलेल्या दराने भारताला देतो, पण जानेवारी २०२२ पासून हिवाळ्याची तूट याच बाजारातून भरून काढतो.

पाऊस हा या व्यापाराचा भांडवलदार आहे, पण लहरी. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुराने नेपाळातले अनेक जलविद्युत प्रकल्प बंद पाडले आणि विक्रीच्या ऐन हंगामात विकायचा माल हातून गेला.

बाजार आंधळा, सीमा डोळस

इथवरची गोष्ट अभियंत्यांची आणि हिशेबनिसांची. पुढची फायलींची आहे.

२१ ऑक्टोबर २०१४ रोजी, धनत्रयोदशीला, भारत आणि नेपाळ यांनी काठमांडूत वीज व्यापार करारावर सह्या केल्या. एकमेकांच्या वाहिन्या भेदभावाविना खुल्या ठेवायच्या, हा त्याचा गाभा. २०१६ मध्ये भारताने मार्गदर्शक सूचना काढल्या त्या मात्र कडक होत्या. २०१८ मध्ये त्या सैल झाल्या, २०१९ मध्ये नियामक आयोगाचे नियम आले आणि एप्रिल २०२१ मध्ये बाजाराचं दार नेपाळसाठी उघडलं. उघडलं, पण उंबऱ्यावर पहारा बसला. नेपाळचं प्राधिकरण थेट बोली लावू शकत नाही. भारतीय व्यापारी कंपनीमार्फत, म्हणजे एनटीपीसी विद्युत व्यापार निगममार्फत, लावावी लागते. शिवाय विक्रीची परवानगी देशाला नसते, प्रत्येक प्रकल्पाला वेगळी असते आणि तीही मुदतीची. प्रकल्पात पैसा कुणाचा, बांधकाम कुणाचं, हे तपासलं जातं. चिनी हात दिसला की फाईल थांबते.

पहिल्या ३९ मेगावॉटचे दोन प्रकल्प होते त्रिशूली आणि देवीघाट. दोन्ही भारताच्या मदतीने उभे राहिलेले. अप्पर तामाकोशीत पैसा नेपाळी जनतेचा आणि संस्थांचा, पण धरण-बोगद्यांचं काम चिनी कंत्राटदाराचं. त्याच्या विजेला भारतीय बाजाराचं दार बंद राहिलं. ज्या विहिरीला पाणी कुणाचं हे कळत नाही, तिच्या काठावर घागर कुठल्या कुंभाराची हे विचारलं जातं.

भारताची बाजूही समजण्यासारखी आहे. शेजारच्या मोठ्या देशाशी सीमेवर रक्त सांडलेलं असताना त्याने बांधलेल्या प्रकल्पांना आपल्या बाजारात कमाई का करू द्यायची, हा प्रश्न पोरकट नाही. पण बाजार मांडला की विश्वास हाच त्याचा पाया असतो. आज मंजूर झालेला प्रकल्प पुढच्या वर्षी मंजूर राहील की नाही याची खात्री नसेल, तर नेपाळातला गुंतवणूकदार धरण बांधताना नदीचा प्रवाह मोजण्याआधी दिल्लीचा कल मोजतो. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही देशांनी दहा वर्षांत १०,००० मेगावॉटच्या व्यापाराचा करार केला. तो पुरा करायचा असेल तर तारांइतकेच नियमही स्थिर हवेत.

याची सगळ्यात बोलकी साक्ष बांगलादेशची आहे. नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळ भारताची पन्नास किलोमीटरहूनही अरुंद पट्टी आहे. दोघांनी २०१८ मध्ये वीज सहकार्याचा समझोता केला. मधल्या देशाच्या संमतीसह त्रिपक्षीय करार व्हायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडला. वीज किती? ४० मेगावॉट. दर युनिटमागे ६.४ अमेरिकी सेंट. वाट ढल्केबर, मुझफ्फरपूर, बहरामपूर, भेडामारा अशी वळसा घालून जाणारी. हंगाम दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर.

पहिली वीज गेली १५ नोव्हेंबर २०२४ रोजी. म्हणजे विक्रीचा पहिला दिवस हाच त्या हंगामाचा शेवटचा दिवस ठरला. सहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर त्या साली बांगलादेशला हिमालयाची वीज मिळाली ती एकच दिवस. पुढच्या खेपेसाठी त्याला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागली.