गुण यशाला, बक्षीस कष्टाला

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगली पट्ट्यात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. पतसंस्था, गणेश मंडळं, सहकारी संस्था, माजी विद्यार्थी संघ असे सगळे पुढे येतात. चौकात फ्लेक्स झळकतात आणि प्रत्येक फोटोखाली टक्केवारी असते, तीही दशांशापुढच्या दोन आकड्यांसह. पहिल्या तीन नंबरांना ट्रॉफी, गुलाबपुष्प आणि पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. समोर टाळ्या वाजवायला बाकीची सगळी मुलं असतात. त्यांत जत किंवा माण तालुक्यातल्या वाडीवरची एक मुलगी आहे असं समजा. सकाळी पाणी भरून, शेरडांना वैरण टाकून ती शाळा गाठते. नववीत ती कशीबशी पास झाली होती. दहावीत तिनं साठ टक्क्यांचा टप्पा ओलांडला. वर्षभरात तिच्याइतकी मजल वर्गात कुणीच मारलेली नसते, पण व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं जात नाही.

मग शाळेनं कौतुक कशाचं करावं, हाती आलेल्या यशाचं की त्यासाठी उपसलेल्या कष्टाचं? यश म्हणावं तर ते पुष्कळदा घरची परिस्थिती, क्लास आणि पालकांचं शिक्षण यांच्यावर उभं असतं. नुसते कष्ट म्हणावे तर चुकलेल्या गणितालाही शाबासकी द्यायची का, असा रास्त सवाल येतो.

पैसे कशाचे दिले?

या प्रश्नाची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. रोलँड फ्रायर या अर्थतज्ज्ञानं तिथल्या मोठ्या शहरांतल्या सरकारी शाळांत मुलांना चक्क रोख पैसे देऊन पाहिले आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले, शिकागोत श्रेणीसाठी. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी पार केली की दर पुस्तकामागे 2 डॉलर मिळत. गुणांसाठी पैसे दिले तिथं चाचण्यांतले गुण वाढले नाहीत. पुस्तकांसाठी दिले तिथं मुलांचं वाचून समजणं सुधारलं.

गुणांसाठी पैसे मिळणाऱ्या मुलांना उत्साह कमी नव्हता. पण गुण वाढवायचे तर करायचं काय, असं विचारल्यावर ती प्रश्न नीट वाचण्याबद्दल, उत्तरं पुन्हा तपासण्याबद्दल बोलत. रोज अभ्यास करावा, न समजलेलं शिक्षकांना विचारावं, हे त्यांच्या बोलण्यात येत नसे. फळ दिसत होतं, वाट माहीत नव्हती. पुस्तक वाचणं मात्र दुसरीतल्या पोराच्याही हातातली गोष्ट होती.

शाबासकीच्या शब्दांनाही हेच लागू पडतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यांत अपयश आल्यानंतर पुन्हा सोपी कोडी समोर ठेवली, तर ‘हुशार’ मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि ‘मेहनती’ मुलं पुढे गेली. या विचारावर बेतलेल्या नंतरच्या शालेय उपक्रमांचा परिणाम सरासरीनं लहानच आढळला. तेव्हा शब्द बदलले की निकाल बदलतो, असं कुणी समजू नये.

प्रयत्नांचे गुण सरसकट वाटले तर

दुसरी बाजू आपल्याच राज्य मंडळानं दाखवून दिली आहे. भाषा विषयांना 80 गुणांची लेखी आणि शाळेच्या हातातले 20 गुण अशी पद्धत होती. ते 20 गुण वर्षभराच्या कामाचे, बोलण्या-ऐकण्याचे. पण खूपशा शाळांत ते सढळ हातानं वाटले जात. 2019 मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले हे अंतर्गत गुण काढून टाकले. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर घसरला. पालकांची ओरड झाली, गुण परत आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्क्यांवर पोचला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले गेले, हेही त्यात धरायला हवं.

जे गुण सगळ्यांना मिळतात ते कुणाच्याच मेहनतीबद्दल काही सांगत नाहीत. खरोखर वर्षभर राबलेल्या मुलाचे वीस आणि न राबलेल्याचे एकोणीस शेजारी शेजारी बसले की पहिल्यावर अन्याय होतो. दुसऱ्यालाही आपण कुठे कमी पडतो ते कळत नाही. ते त्याला अकरावीच्या वर्गात कळतं, तेही उशिरा.

कर्मवीरांनी काढलेला मार्ग

या पेचातून वाट काढणारा माणूस याच मातीत होऊन गेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहाचा पहिला प्रयत्न आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दूधगावी केला. पुढे 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखलं नाही.

तिथं फी भरायला पैसे नसलेल्या मुलानं शेतात राबायचं, मिळेल ते अंगमेहनतीचं काम करायचं आणि त्या श्रमावर शिकायचं. ‘कमवा आणि शिका’ योजना ती हीच. साताऱ्यात 1947 मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजातही हाच पायंडा राहिला. यातली मेख नीट बघायला हवी. कुदळ मारल्याबद्दल मुलाला गणितात गुण मिळत नसत. श्रमाचं मोल त्याला शिकण्याच्या संधीच्या रूपात मिळे; परीक्षा त्याची त्यालाच पास व्हावी लागे. कष्टाला मान होता, यशाला प्रामाणिक माप होतं आणि दोन्हींची सरमिसळ नव्हती.

खेळातही हेच दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. गळ्यात पदक नव्हतं. तरीही 1952 च्या हेलसिंकीसाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मदत तयारीला मिळाली होती. पदक मात्र मॅटवरच्या कुस्तीनंच दिलं.

शाळेला करता येण्याजोगं

त्यासाठी नवी योजना लागत नाही. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदींची जागा आहेच. तिथं बाजारातल्या तयार यादीतलं ‘प्रगती समाधानकारक’ उतरवण्याऐवजी ‘जूनमध्ये वजाबाकीत हातचा चुकत असे, दिवाळीनंतर शब्दांत मांडलेली उदाहरणं स्वतः सोडवू लागली’ असं एक खरं वाक्य लिहावं. मेहनतीचं कौतुक करायचं तर मेहनत दिसली पाहिजे: वाचलेली पुस्तकं, दुरुस्त करून पुन्हा लिहिलेला निबंध, आदल्या वर्षापेक्षा सुधारलेली हजेरी. ऊसतोडीच्या हंगामात आई-बापांबरोबर फडावर आलेल्या मुलाची हजेरी गावातल्या मुलाशी ताडू नये, त्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी ताडावी. आणि उत्तरपत्रिका तपासताना हात सैल सोडू नये. चूक ती चूकच. ती दुरुस्त करायला लावणं हाच मुलाच्या कष्टाचा आदर.

पहिल्या नंबराचा सत्कार बंद करा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्या मुलानंही रात्री जागवलेल्या असतात. पण यंदा गुणगौरवाची यादी करणाऱ्या मंडळांना, पतसंस्थांना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. वर्गशिक्षकांकडून दोन याद्या मागवा, सर्वाधिक गुणांची एक आणि वर्षभरात सर्वाधिक पुढे आलेल्यांची दुसरी. दुसऱ्या यादीतल्या मुलांना ट्रॉफी नको. पुस्तकं द्या, एसटीचा पास द्या, अकरावीची फी भरा. कष्ट करणाऱ्याला पुढची संधी मिळवून देणं हेच त्याचं खरं बक्षीस आहे.