कारखान्याचे स्थळ

मराठीतला 'स्थळ' हा शब्द मोठा मजेदार आहे. भूगोलाच्या पुस्तकात त्याचा अर्थ एक, आणि घरात लग्नाची मुलगी असली की दुसराच. "स्थळ कसे आहे हो?" या प्रश्नात केवळ गावाची चौकशी नसते. माणसे कशी आहेत, पोरीला दोन घास सुखाने मिळतील ना, हे सारे त्या एका शब्दात येते.

मोठमोठ्या कंपन्याही अशीच स्थळे पाहत असतात. माल कोणत्या देशात बनवायचा? मजुरी किती, बंदर किती लांब, वीज अखंड मिळते का, सरकार करात सूट किती देते, याची कसून चौकशी होते. तिथे राबायला जाणाऱ्या माणसांचे काय होईल, हा प्रश्न मात्र यादीच्या तळाशी असतो. मला आज त्या तळाच्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे. कारण त्या यादीतून निघालेली वस्तू वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

ॲपल कंपनीचेच उदाहरण घेऊ. तिच्या फोनची आखणी कॅलिफोर्नियात होते, पण फोन जोडण्याचे काम ती दुसऱ्यांकडे सोपवते. या दुसऱ्यांत सर्वांत मोठी कंपनी म्हणजे तैवानची फॉक्सकॉन. टेरी गौ या गृहस्थांनी १९७४ साली ती काढली, तेव्हा तिथे दूरचित्रवाणी संचांची प्लॅस्टिकची बटणे बनत. समुद्रापलीकडे चीनने १९८० साली शेन्झेन हा भाग परदेशी भांडवलासाठी खुला केला, आणि १९८८ साली फॉक्सकॉनने तिथे आपले बिऱ्हाड थाटले. पुढे त्या बिऱ्हाडाचे शहर झाले. एका आवारात तीन लाखांहून अधिक माणसे! तिथेच काम, तिथेच जेवण आणि तिथेच वसतिगृहातल्या खाटेवर झोप.

२०१० साली या शहराचे नाव जगभर झाले, ते फोनमुळे नव्हे. त्या एका वर्षात फॉक्सकॉनच्या चौदा तरुण कामगारांनी आपले जीवन संपवले. बहुतेक खेड्यांतून आलेले, विशी-पंचविशीच्या आतबाहेरचे. कंपनीने इमारतींना जाळ्या बांधल्या. मग पगारही वाढवला. महिन्याचा मूळ पगार नऊशे युआन होता, तो बाराशे झाला. आधी जाळ्या आणि मग पगार, हा क्रम मला विसरता येत नाही.

त्याच वर्षी शू लिझी नावाचा एक तरुण तिथे कामाला लागला. तो कविता लिहीत असे. यंत्रापुढे उभे राहून जाणारी रात्र, वसतिगृहाची खोली, हे त्याचे विषय. कामगार-कवी म्हटला की आपल्याला नारायण सुर्वे आठवतात. साहित्य शिकवणाऱ्या मला या मुलाविषयी म्हणूनच जास्त जवळीक वाटली. सुर्व्यांना आपल्यात दीर्घ आयुष्य लाभले. शू लिझीने २०१४ च्या सप्टेंबरात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, या जगाचा निरोप घेतला.

दोष कोणाचा? ॲपल म्हणते, कारखाना आमचा नाही. कारखानदार म्हणतो, गिऱ्हाइकाला माल ठरल्या दिवशी आणि ठरल्या भावात हवा. सरकार म्हणते, लाखो पोटे भरतात. आणि आपण म्हणतो, आम्हाला कुठे ठाऊक होते? गोष्ट हातोहात पुढे सरकते आणि शेवटी कोणाच्याच हाती राहत नाही. दूरच्या स्थळाचा हाच मोठा फायदा असतो. रडणे इथवर ऐकू येत नाही.

"मजुरी वाढवली तर फोन महागेल," असे सांगण्यात येते. क्रेमर, लिंडन आणि डेड्रिक या अमेरिकेतल्या तिघा अभ्यासकांनी २०१० सालच्या आयफोनचा हिशेब मांडला आहे. फोनची किंमत शंभर रुपये धरली तर ५८.५ रुपये नफा ॲपलच्या पदरात पडतो, आणि चीनमधल्या मजुरांच्या वाट्याला येतात १.८ रुपये. म्हणजे मजुरी दुप्पट केली तरी शंभरामागे दोन रुपयेसुद्धा वाढत नाहीत! तेव्हा प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. खरी ओढ आहे ती वेगाची.

वेग काय करतो हे सूझौ शहरात दिसले. तिथल्या विंटेक कंपनीच्या कारखान्यात फोनच्या काचा अल्कोहोलने पुसत. हेक्सेन नावाचे द्रव्य त्याहून लवकर वाळते, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त काचा होतात. म्हणून ते आणले. त्याच्या वाफांनी कामगारांचे मज्जातंतू बिघडले, हातापायांतले बळ गेले. १३७ जणांना बाधा झाल्याचे ॲपलने २०११ साली आपल्याच अहवालात नमूद केले. काही क्षण वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ही पोरे काही कोणी धरून आणली नव्हती. फाटकाबाहेर त्यांच्या रांगा लागत. गावाकडच्या शेतीपेक्षा इथला पैसा बरा होता, आणि चीनमधले कोट्यवधी लोक अशाच कामांनी दारिद्र्यातून वर आले. हे खरे आहे, आणि कारखाने नकोतच असे म्हणणाऱ्याने ते आधी लक्षात घ्यावे. पण मुलगी आपल्या पायांनी सासरी गेली म्हणून तिथे तिचे कसेही हाल करण्याची मुभा मिळते काय? संमती नांदण्याला असते, छळाला नसते.

आता हे स्थळ आपल्या दारी आले आहे. भारतातही आयफोन जोडले जातात. कर्नाटकातल्या नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये थकलेल्या पगारावरून कामगारांनी मोडतोड केली. चौकशीनंतर ॲपलने विस्ट्रॉनला नवे काम देणे थांबवले आणि विस्ट्रॉनने कामगारांची माफी मागितली. पुढच्याच डिसेंबरात तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉनमधल्या मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणी रुग्णालयात गेल्या, आणि त्यांच्या सोबतिणी महामार्गावर बसल्या. तेव्हा कुठे त्यांची निजण्या-जेवण्याची व्यवस्था तपासली गेली आणि ती ठीक नसल्याचे ॲपलने मान्य केले. २०२४ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने लिहिले की, याच कारखान्यात विवाहित स्त्रियांना जोडणीच्या कामावर घेण्याचे टाळले जाते. फॉक्सकॉनने हा आरोप फेटाळला. केंद्र सरकारने मात्र राज्याकडून अहवाल मागवला.

मग फोन टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याने श्रीपेरुंबुदूरच्या मुलीची नोकरी तेवढी जाईल. वरच्या हकिकती पुन्हा पाहा. शेन्झेनचा पगार वाढला तो जगाने बोट दाखवल्यावर. वसतिगृहांची झडती झाली ती मुली रस्त्यावर आल्यावर. कंपन्यांना माल न खपण्याइतकेच नाव जाण्याचेही भय असते, आणि नाव राखणे वा घालवणे हे गिऱ्हाइकाच्या हाती आहे.

म्हणून नवा कारखाना येतो अशी बातमी वाचली की गुंतवणुकीच्या आकड्याशीच थांबू नये. कामाचे तास किती, पगार वेळेवर होतो का, वसतिगृहात पाणी येते का, तक्रार करणारीची नोकरी टिकते का, हे वर्तमानपत्राला, आमदाराला आणि कंपनीलाही विचारावे. लेकीसाठी स्थळ पाहताना आपण याहून कितीतरी अधिक प्रश्न विचारतो, आणि त्यात आपल्याला संकोच वाटत नाही. तिथे राबणाऱ्याही कोणाच्या तरी लेकीच आहेत.